हळद लागलेल्या शिंपल्या

ही गोष्ट २०१८ सालच्या फेब्रुवारीतली. त्या वर्षी आमच्या राहनाळ गावच्या रस्त्यावर इतकी गोदामं उठत होती की महिनाभर परगावी राहून आलेल्या माणसाला स्वतःचं घर कुठल्या वळणावर ते आठवावं लागे. ज्या शाळेत मी उभा जन्म शिकवलं तिथून मी केव्हाच निवृत्त झाले होते. माझ्या जागेवर कितीतरी जणी आल्या आणि गेल्या. त्या वर्षी आलेलीचं नाव मेघाली. वाडा तालुक्यातल्या आतल्या गावची, कुणब्याची मुलगी. माझ्या घराची मागची खोली तिनं भाड्यानं घेतली होती आणि पहिल्याच दिवसापासून मला काकू म्हणायला लागली होती.

सकाळची वेळ. खाडीकडून आलेलं धुकं रस्त्यावर बसून होतं. आम्ही दोघी निघालो होतो... ती शाळेत, मी देवळात. दौलतशेठच्या शेताशी आलो आणि ती थांबली. शेत म्हणायची मला सवय. तिथं आता गोदामाच्या पायासाठी भला मोठा खड्डा खणला होता, आणि खड्ड्याच्या काठावर एक जेसीबी मान खाली घालून झोपला होता.

"काकू, एक मिनिट," म्हणाली, चपला काढून हातात घेतल्या आणि मातीच्या उतारावरून सरळ खड्ड्यात उतरली.

मी वरून बघत राहिले. खड्ड्याच्या उभ्या कापलेल्या बाजूवरून ती हात फिरवत होती. साड्यांच्या दुकानात आपण पोत बघतो ना, तसा. मध्येच थांबायची, नखानं टोकरायची, वाकून वास घ्यायची.

तेवढ्यात मोटरसायकल येऊन थांबली. दौलतशेठचा मुलगा, प्रितेश. माझाच विद्यार्थी. मी काठावर आहे हे त्यानं बघितलंच नाही, खाली एक पोरगी माती तपासताना दिसली, एवढंच.

"ओ मॅडम, काय बघताय? परवानगी हाय आमच्याकडं. सगळे कागद हायेत."

"कागद राहू द्या. मला तुमची भिंत पाहिजे."

"भिंत अजून बांधली न्हाय."

"ही. मातीची." तिनं तळहात भिंतीवर ठेवला. "बघा ना... वर मुरमाचा भराव. त्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक, सुताची कांडी. त्याच्याखाली काळी भाताची माती, अजून धसकटं आहेत हिच्यात. त्याच्याखाली ही पिवळसर. तळाशी पाणी आहे, तिथं काय असेल कोण जाणे. एवढं छान पुस्तक उघडून ठेवलंय तुम्ही, आणि परवानगीचं काय सांगता?"

प्रितेशनं डोकं खाजवलं. मग मी दिसले.

"बाई, तुम्ही? ही कोण?"

"तुझ्या शाळेतली नवी शिक्षिका. नीट बोल."

"नीटच बोलतोय." तो दोन पावलं पुढं आला. "मॅडम, ह्यात शिकवण्यासारखं काय हाय? माती हाय ती."

"तुम्ही शेवटच्या बाकावर बसायचात ना?"

त्यानं माझ्याकडं संशयानं बघितलं. "बाई, तुम्ही सांगितलं?"

"मी काही बोलले नाही."

"कुणी सांगायला कशाला पाहिजे," ती म्हणाली, आणि उतार चढायला लागली. माती भुसभुशीत, दव पडलेलं. एकदा पाय घसरला. तो वाकला, हात पुढं केला.

"हात देऊ का?"

"नको. उतरले तशी चढेन."

चढली. गुडघ्याला माती लागली होती ती झटकली, चपला घातल्या आणि माझ्या आधी चालायला लागली. प्रितेशचा हात तसाच पुढं होता. मग त्यानं तो खिशात घातला, जणू खिशात घालायलाच काढला होता.

त्या दिवशी देवळात माझं लक्ष लागलं नाही. मला ते शेत आठवत होतं. त्याच बांधावर माझी आई चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायची. बांधाच्या बिळात हात घालायची आणि मी डोळे मिटून घ्यायची. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी बांधापर्यंत यायचं, त्या पाण्यावर चंद्र हलायचा. मुरमाच्या एका थराखाली किती काय गेलं होतं...

संध्याकाळी मेघालीनं माझ्या ओट्यावर शाळा भरवली. सातवीला जीवाश्मांचा धडा होता आणि तिला आधी घरी करून बघायचा होता. माझी लोणच्याची काचेची बरणी घेतली, धुतली. शेजारची एक मुलगी, नाव पूर्वी, मेघालीच्याच वर्गातली, तीही येऊन बसली. पूर्वी म्हणजे गावातलं सगळ्यात तिखट नाक. कुणाच्या घरी काय शिजतंय ते ती रस्त्यावरून सांगायची.

"समजा, एक मासा मेला," मेघालीनं बरणीत सुक्या बोंबलाचा काटा ठेवला. "उघड्यावर पडला तर काय होईल?"

"मांजर खाईल," पूर्वी म्हणाली.

"बरं. आणि लगेच चिखलाखाली गेला तर?"

"मग मांजराला सापडणार न्हाय."

"अगदी बरोबर. मांजराला नाही, किड्यांना नाही, हवेलासुद्धा सापडत नाही." तिनं काट्यावर चिखल घातला, त्यावर रेती, त्यावर पुन्हा माती. "मांस कुजून जातं. काटा, कवच, दात असलं कठीण मागं राहतं. वर थरावर थर बसत जातात. त्यांच्या वजनानं खालचा चिखल दाबला जातो. मातीतून पाणी झिरपतं, त्या पाण्यात क्षार असतात. ते क्षार हळूहळू हाडाच्या छिद्रांत जाऊन बसतात. लाखो वर्षं गेली की हाडाची जागा दगडानं घेतलेली असते. आकार मात्र तोच."

"आणि तो सापडला की कळतं, तिथं मासा होता?"

"मासा होता एवढंच नाही. तिथं पाणी होतं. पाणी गोडं की खारं, खोल की उथळ, थंड की गरम... ते त्या जीवावरून कळतं. जीव आपलं घर सांगून जातो."

फाटकाशी मोटरसायकलचा आवाज बंद झाला. प्रितेश कधीपासून उभा होता कोण जाणे.

"बाई, आईनं पापलेट पाठवलंय," तो मला म्हणाला आणि बघत राहिला बरणीकडं. "ह्यात काय घातलंय?"

"बोंबील," मेघाली म्हणाली.

"लोणचं?"

"जीवाश्म. लाख वर्षांनी या, तयार असेल."

"लाख वर्षं थांबायचं म्हणता..." तो फाटकावर रेलला. "थांबलो असतो, पण सोमवारी काँक्रीट पडणार हाय. पुढच्या सोमवारी. तुमची ती भिंत बुजणार."

मेघालीचा हात बरणीवर थांबला. "एवढ्या लवकर?"

"मिक्सर बुक झालाय. पप्पा कोणाचं ऐकत न्हायत."

"मग शुक्रवारी मुलांना घेऊन येते. येऊ?"

"या की. मी कोण न्हाय म्हणणार." आणि थोडं थांबून, "मी पण शेवटच्या बाकावर बसतो."

ती हसली नाही. पण तो गेल्यावर पापलेटाची पिशवी हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी होती. मी म्हटलं, "आत ने गं, मांजर येईल."

वर्गात तिनं मुलांना सांगून टाकलं... शुक्रवारी आपण खड्ड्यात जायचं, आपल्या गावाच्या पोटात काय आहे ते बघायचं. मला हळूच म्हणाली, "काकू, आपला दगड काळा, लाव्हाचा. त्यात जीवाश्म मिळणं कठीण. पण मातीत जुनी कवचं तरी असतील. खाडी इतकी जवळ आहे." मग रोज शाळा सुटली की ती खड्ड्यात. मीही जायची, काठावर खुर्ची टाकून बसायची. खरं सांगायचं तर मला त्या दोघांना बघायला आवडायचं.

दुसऱ्याच दिवशी उतारावर फळ्या टाकलेल्या होत्या, पायऱ्यांसारख्या. कुणी टाकल्या ते कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी चहा आला. तो तिच्यामागं टॉर्च धरून उभा राहायचा, ती भिंत टोकरत राहायची. सापडायचं काय, तर भाताची मुळं, गांडुळं आणि भरावातली एक प्लास्टिकची कांडी, नारपोलीच्या कुठल्यातरी कापडाच्या लूमवरची.

"ही ठेवा," तो म्हणाला, "हजार वर्षांनी लागेल. लोक म्हणतील, हितं कापड विणणारा प्राणी राहायचा."

"आणि लोक विचारतील, त्या प्राण्याला आवाज होता का?"

"होता. रात्रंदिवस खटाखट, खटाखट. शिफ्ट बदलली तरच गप."

तेव्हा ती पहिल्यांदा मोकळं हसली. खड्ड्यात तो आवाज घुमला. प्रितेशनं वर माझ्याकडं बघितलं आणि एकदम टॉर्च तपासायला लागला.

बुधवारी मीच प्रितेशशी बोलता बोलता बोलून गेले की मेघालीनं बदलीचा अर्ज दिलाय. तिच्या तालुक्यात जागा होती, वडील सावळाराम एकटे शेती बघत होते, मे महिन्यात ती जाणार. प्रितेशनं नुसतं "हां" म्हटलं. मग खाली जाऊन तिला म्हणाला, "काय सापडलं का?"

"नाही. तळाशी पाणी आहे, खालचा थर दिसतच नाही. इथं वर काहीच नाही." तिनं केस मागं सारले, कपाळाला मातीचा पट्टा उमटला. "शुक्रवारी मुलांना काय दाखवू? मी शब्द दिलाय त्यांना."

"मिळेल," तो म्हणाला. "मिळणारच."

शुक्रवारी मुलं रांगेनं फळ्यांवरून उतरली. ऊन कोवळं होतं, अंगात स्वेटर होते. मेघालीनं त्यांना वरून खाली एकेक थर दाखवला. भराव म्हणजे आत्ताचा काळ. काळी माती म्हणजे तुमच्या आजोबांचा. आणि भाताची माती जिथं संपते त्याच्या थोडं वर एका मुलीनं बोट लावलं तर... शिंपली. तिच्या बाजूला दुसरी. मग तिसरी. भिंतीत एक ओळच होती शिंपल्यांची.

मेघालीचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मला अजून दिसतं. दिवा लावल्यासारखा. तिनं मान वळवली आणि गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या प्रितेशकडं बघितलं. कालपर्यंत तिथं काही नव्हतं हे तिला ठाऊक होतं, पण आनंदात माणूस ते विसरतं.

"मॅडम," पूर्वी म्हणाली. तिनं एक शिंपली उपटून नाकाशी धरली होती. "ही शिवल्यांची हाय. ह्याला मसाल्याचा वास येतोय."

मुलं हसली. पूर्वीला हसायचं कळेना. तिनं शिंपली उलटी केली, जोडापाशी बोट घासलं. बोटाला पिवळं लागलं.

"हळद हाय, मॅडम. शिजवलेल्या हायेत. परवा अनंतामामाची हळद होती ना, तिथं शिवल्या केल्या होत्या. मंडपामागं ढीग पडलाय."

आमच्याकडं लग्नाआधी हळदीच्या रात्री अख्खं गाव जेवतं. मटण असतं, शिवल्यांचा म्हणजे तिसऱ्यांचा रस्सा असतो, आणि दुसऱ्या दिवशी मंडपामागं शिंपल्यांचा ढीग. गावातल्या कुठल्याही पोराला ते माहीत.

 मेघालीनं पूर्वीच्या हातातून शिंपली घेतली. आवाज शांत होता, मुलांना काही कळलं नसेल. मला कळलं.

"छान. आता सांगा, या शिंपल्यांवरून इथलं जुन्या काळचं वातावरण कसं होतं म्हणायचं?"

"हळदीचं," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. अजून काय खूण आहे? नीट बघा. सगळ्या शिंपल्या उघड्या आहेत, सुट्ट्या आहेत. म्हणजे कुणीतरी उघडून खाल्ल्यात. आणि भाताच्या मातीत त्या रांगेनं बसल्यात. खाडीतला जीव भातात रांगेनं राहायला येत नाही. म्हणजे कुणीतरी लावल्यात. पुरावा खोटाही असू शकतो, मुलांनो. म्हणून आपण वास घ्यायचा, उलटून बघायचं. पूर्वीनं घेतला तसा."

मग तिनं मुलांना वर पाठवलं आणि मागं राहिली. मी काठावर होते, दोघांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"तुम्ही लावल्यात."

"...हो."

"कधी?"

"सकाळी. तुम्ही यायच्या आधी."

"का?"

"तुमचा चेहरा बघवत नव्हता म्हणून," तो म्हणाला. "पोरांसमोर तुमची पंचाईत होऊ नये म्हणून. आमच्या धंद्यात बघायला माणूस येतो ना, त्याला जे बघायचं असतं ते आम्ही दाखवतो. तो खूश होऊन जातो. आमी असंच शिकलो. मला वाटलं..."

"मला निराश व्हायची सवय आहे, प्रितेश. त्याचं काही वाटत नाही. पण माझ्या हातून तुम्ही मुलांना खोटं शिकवणार होतात. पूर्वीचं नाक नसतं तर मी आज तीस पोरांना सांगितलं असतं, इथं खाडी होती, ही बघा खूण. आणि ती ते जन्मभर खरं मानून चालली असती." तिनं शिंपली त्याच्या हातात ठेवली. "मी तुमच्याकडं बघितलं होतं मघाशी. कसं बघितलं होतं... ते आठवलं की लाज वाटते."

ती फळ्यांवरून वर आली. त्या फळ्यांवर पाय ठेवतानासुद्धा तिला नको वाटत होतं, हे मला दिसत होतं.

त्या रात्री ती जेवली नाही. म्हणाली, "काकू, बदली झाली तर बरंच." मी वरण गरम करून झाकून ठेवलं.

शनिवारी प्रितेश मला दिसला तो खड्ड्यात. एका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीसाठी अजून खोल खणायचं होतं, ते काम तो सोमवारनंतर करणार होता. आता पंप लावून पाणी उपसत होता आणि स्वतः फावडं घेऊन उतरला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. जेसीबीवाला वर बसून बिडी ओढत होता.

"सेठ, मशीन लगाऊँ? दो मिनिट का काम है."

"नको. मशीननं सगळं फुटतंय."

"क्या फुटेगा? मिट्टी ही तो है."

"वोही तो मैं भी बोला था," प्रितेश म्हणाला आणि खणत राहिला.

दौलतशेठ आले. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, हातात फोन. काठावरूनच ओरडले.

"काय चाललंय तुजं? परवा काँक्रीट हाय आणि तू चिखलात काय खेळतो?"

"पप्पा, एक दिवस द्या. सोमवारचं मंगळवारी होऊ द्या."

"मिक्सर काय तुज्या मामाचा हाय? कशाला पायजे एक दिवस?"

"खालचा थर बघायचाय."

"थर," दौलतशेठ म्हणाले. मग माझ्याकडं वळले, "बाई, तुमीच शिकवलंत याला. तवा कधी पुस्तक उघडलं न्हाय, आता थर बघतोय." मिक्सरबद्दल हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. गाडीत बसून गेले.

रविवारी सकाळी तो माझ्या फाटकात आला. आत आला नाही. डोळे लाल, हातांना फोड, निळ्या-करड्या चिखलानं कोपरापर्यंत माखलेला. तो वास मी ओळखला. आईच्या साडीला यायचा तो.

"बाई, तिला सांगा... तिथं काहीतरी हाय. मला माहीत न्हाय काय हाय ते. दिसलं तसं मी फावडं टाकलं. वर घमेलं पालथं घालून ठेवलंय. हात लावलेला न्हाय. एवढंच सांगा. हात लावलेला न्हाय."

आणि निघून गेला, खड्ड्याकडं. राखणीला.

मेघाली आत दाराआड होती. सगळं ऐकलं होतं तिनं.  मग ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली, "पूर्वीला बोलवा. तिचं नाक लागेल."

रविवार असूनही पूर्वीमागून निम्मा वर्ग आला. खड्ड्याच्या कोपऱ्यात त्यानं माणूसभर खाली नेलं होतं. प्रितेश बाजूला उभा राहिला, पाठ भिंतीला लावून, हात मागं. मेघाली खाली उतरली, त्याच्याकडं न बघता. घमेलं उचललं.

करड्या चिखलात एक काळं, वाकडं लाकूड होतं, मनगटाएवढं. आणि त्या लाकडाला चिकटून कालवं. लहान, मोठी, एकावर एक दाटीनं बसलेली, माझी आई खडकावरून कोयतीनं काढायची तशीच. पण ती पांढरी असायची, ही राखी होती.

मेघालीनं वास घेतला. पूर्वीला घेऊ दिला.

"चिखलाचा वास हाय," पूर्वी म्हणाली. "मसाला न्हाय."

मेघालीनं एका कालवाच्या कडेवरून बोट फिरवलं. हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मिटलेली आहेत," ती म्हणाली. आवाज कसातरीच झाला होता. "बघा, सगळी मिटलेली आहेत. दोन्ही कवचं एकमेकांना धरून. म्हणजे काय?"

"कोणी खाल्ली न्हायत."

"आणि?"

पूर्वीनं विचार केला. "कोणी आणून टाकली न्हायत. ती हितंच राहायची."

"हितंच राहायची," मेघाली म्हणाली, त्या पोरीच्याच बोलीत. "हे लाकूड बहुतेक तिवराचं आहे. तिवर कुठं वाढतो? खाऱ्या चिखलात, भरती-ओहोटीच्या पाण्यात. कालवं त्याच्या मुळांना धरून बसली. मग एकदा खूप गाळ आला आणि ती जिवंतपणीच झाकली गेली. आपण उभे आहोत तिथं काही हजार वर्षांपूर्वी खाडीचं पाणी हलत होतं. हे अजून दगड झालेलं नाही. पुष्कळ काळ लागेल. आत्ता हे जीवाश्माचं बालपण आहे, असं म्हणा."

वर काठावर दौलतशेठ येऊन उभे होते ते आम्हाला तेव्हा दिसलं. रागावूनच आले असावेत. फोन कानाला होता, पलीकडं कुणीतरी बोलत होतं, आणि ते ऐकत नव्हते. खाली बघत होते.

"कालवं हायेत ती," ते स्वतःशीच म्हणाले. "आयला माज्या... आमची म्हातारी सांगायची, पहिला खाडी दाराशी होती. आमी म्हणायचो, म्हातारी येडी हाय." मग फोनमध्ये म्हणाले, "मिक्सर मंगळवारी पाठव. हां, मंगळवारी. काय न्हाय, पोरांची शाळा हाय सोमवारी हितं."

सोमवारी सगळी शाळा बघून गेली. संध्याकाळी मेघालीनं आणि प्रितेशनं मिळून लाकडाचा तो तुकडा चिखलासकट कापला आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत ठेवला. ऊन कलायला आलं होतं. मुलं बादली घेऊन नाचत शाळेकडं गेली. मी खुर्चीवर होते. मला ऐकू येत नाही असं दोघांनाही वाटलं असावं.

"मॅडम..."

"हं?"

"ते शुक्रवारचं. माफी मागायची राहिली."

"दोन दिवस फावडं चालवलंत ना. ती माफीच होती." तिनं त्याच्या तळहातावरच्या फोडांकडं बघितलं. "दुखतंय?"

"बघितलंत तर दुखतं."

"मग नाही बघत."

"न्हाय, बघा," तो म्हणाला.

ती हसली, मान खाली घालून. वारा खाडीकडून येत होता, खारट. 

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला. "मला गोल गोल बोलता येतं, धंद्यात तेच करतो. पण तुमच्याशी न्हाय करणार. तुम्ही मे महिन्यात जाल तर मला लय वाईट वाटेल. न जाल तर... तर मी तुमच्या वडिलांना भेटायला येईन. ह्यात हळद न्हाय, मसाला न्हाय. असं हाय ते असं हाय."

मेघाली बराच वेळ समोरच्या भिंतीकडं बघत होती. मुरूम, भात, पिवळी माती, आणि तळाशी ती करडी खाडी.

"माझे वडील कमी बोलतात," ती म्हणाली. "शेतात नेतील आणि कामाला लावतील. नांगर धरता येतो?"

"फावडं येतं."

"बघू." ती वळली. फळ्या मुलांच्या पायांनी विस्कटल्या होत्या. तिनं उताराकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"हात देऊ का?" त्यानं विचारलं, आधीच्यासारखंच.

"द्या," ती म्हणाली. "आता चालेल."

मी खुर्ची उचलली आणि घरी आले.

बदलीचा अर्ज तिनं मागं घेतला. सावळारामभाऊंनी प्रितेशला खरंच चार दिवस शेतात राबवलं आणि मग म्हणाले, मुलगा बरा आहे, बांध वाकडा घालतो. तो आगरी, ती कुणबी म्हणून दोन्हीकडच्या नातेवाइकांनी थोडी तोंडं वाकडी केली. जेवायला मात्र सगळे आले. पुढच्या वर्षी लग्न झालं.

दौलतशेठ गेल्या वर्षी गेले. शेवटी शेवटी गोदामाच्या ऑफिसात पाहुणा आला की ते पायानं फरशी दाखवून सांगायचे, हिच्याखाली खाडी हाय. माझ्या शिकवण्यानं त्यांच्या घरात कधी कुणी पुस्तक उघडलं नाही. सुनेनं सासऱ्याला मातीचे थर शिकवले. पूर्वी आता कॉलेजात सायन्सला आहे, तिला भूशास्त्र घ्यायचंय. तिचा बाप म्हणतो बारावीनंतर कॉमर्स घे. भांडण अजून चालू आहे, पण मला पूर्वीची काळजी नाही. प्रितेश गोदामं बांधतोच, धंदाच तो आहे. पण पाया खणला की आधी शाळेत फोन करतो, आणि मुलांच्या आधी खड्ड्यात कधीच उतरत नाही. मेघाली त्याच शाळेत आहे. कालवांचा तो तुकडा तिथल्या काचेच्या कपाटात आहे. चिखल वाळून भेगाळलाय, कालवं अजून मिटलेली आहेत. दरवर्षी नवी मुलं विचारतात, बाई, एक उघडून बघूया का. ती नाही म्हणते. त्याच कपाटात खालच्या फळीवर हळदीचा डाग असलेली एक शिंपलीही आहे. ती कुठून आली ते ती मुलांना हसत सांगते, आणि प्रितेशचं नाव घेते.

त्यांची हळद माझ्या अंगणात झाली, कारण मुलीकडच्यांना इथं घर नव्हतं. अख्खं राहनाळ जेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपामागं शिंपल्यांचा हा ढीग. झाडणारी बाई म्हणाली, कचऱ्याच्या गाडीत टाकते. मी म्हटलं, थांब. परसात चिंचेखाली खड्डा करून घेतला आणि सगळ्या शिंपल्या त्यात घातल्या, वर माती लोटली. आता तिथं अळू उगवतं.

मी काही फार दिवसांची नाही. हे घरही राहणार नाही, इथंही कुणी पाया खणेल. तेव्हा कुणा शहाण्या मुलीनं खड्ड्यात उतरून भिंतीवर हात फिरवला तर तिला शिंपल्या सापडतील. मसाल्याचा वास तोवर गेलेला असेल, हळद गेलेली असेल. पण ती नीट बघेल, आणि तिला दिसेल की एकूण एक शिंपली उघडी आहे. त्यावरून तिला कळेल... इथं खाडी नव्हती, इथं माणसं होती. आणि एके दिवशी ती सगळी मिळून पोटभर जेवली होती.